फाइल ओळखायची, पत्ता नाही

एस-थ्रीवर (ॲमेझॉनची क्लाउड साठवण) फाइल सिस्टिम बसवायची असेल तर आधी एक ठरवा: मेमरीत फाइल कशावरून ओळखायची. मी हॅशमॅपची (की दिली की तिच्याशी जोडलेली माहिती देणारा तक्ता) की म्हणून सरळ पूर्ण पाथ घेतला होता. आठवडाभर छान चाललं. मग बायकोने 'फोटो' फोल्डरचं नाव बदलून 'फोटो-जुने' केलं, आणि नेमका तेव्हाच एक प्रोग्रॅम आतल्या फाइलमध्ये लिहीत होता. सकाळी बघतो तर क्लाउडवर 'फोटो' पुन्हा उगवलेलं, पोटात एकच फाइल, तीही अर्धी. सदाशिव पेठेतला माणूस कोथरूडला राहायला गेला तरी माणूस तोच ना!

म्हणून मॅप दोन ठेवा. पहिल्यात आयनोड नंबरवरून आयनोड, म्हणजे फाइलची माहितीची नोंद: साइज, ईटॅग (एस-थ्री देतं ती मजकुराच्या आवृत्तीची खूण), क्लाउडवरची की (तिथलं ऑब्जेक्टचं नाव), किती जणांनी उघडलाय, कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) किती लुकअप बाकी आहेत, म्हणजे त्याने नावावरून शोधून घेतलेले आणि अजून न सोडलेले संदर्भ. दुसऱ्यात पालकाचा नंबर आणि नाव यांच्या जोडीवरून पोराचा नंबर. फोल्डरचं नाव बदललं की दुसऱ्या मॅपमधली एकच नोंद हलते. एस-थ्रीवर मात्र रीनेम म्हणजे सहसा एकेक ऑब्जेक्ट (तिथे साठवलेली फाइल) कॉपी करून जुना पुसणं. ते मागे रांगेत सावकाश होऊ द्या. क्लाउडवरची की नावापासून वेगळी ठेवायची ती याचसाठी.

फोल्डरवर 'यादी पूर्ण' असा एक फ्लॅगही हवा. लिस्टिंगच्या एका कॉलला जास्तीत जास्त १००० नावं येतात. शेवटचं पान येईपर्यंत 'अशी फाइल नाही' असं मेमरीतून छातीठोकपणे सांगू नका.

आता खरी डोकेदुखी, क्लाउडवर अजून न पाठवलेला डेटा. तो एलआरयूत (जागा संपली की सगळ्यात आधी वापरलेलं फेकणारी कॅशे) टाकायचाच नाही. एलआरयूत फक्त फेकला तरी परत आणता येईल असा माल. न पाठवलेल्या रेंज (फाइलमधले बाइटचे पट्टे) प्रत्येक आयनोडपाशी ऑफसेटच्या, म्हणजे फाइलमधल्या जागेच्या, क्रमाने ठेवा आणि चिकटणाऱ्या जोडून टाका: ० ते ४०९६ लिहिलं, मग ४०९६ ते ८१९२, की एकच रेंज. मल्टिपार्टमध्ये (मोठी फाइल तुकड्यांनी चढवणं) शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा लागतो आणि भाग १०,००० पर्यंतच. मी ८ एमबी धरतो. फाइल ७८ जीबीच्या आसपास अडते, माझ्या कामाला पुष्कळ.

अपलोड चालू असताना त्याच रेंजवर पुन्हा लिहिलं तर? प्रत्येक रेंजला आवृत्ती क्रमांक द्या. पाठवताना तो टिपून ठेवा. अपलोड संपल्यावर तोच असेल तरच रेंज 'पोचली' म्हणा. नाहीतर नवा मजकूर गुपचूप गायब. आणि नेटवर्कची वाट बघताना मॅपवरचं लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) धरून बसू नका, फोल्डरची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा अडकतं.

हे सगळं रॅममध्ये. एका गुरुवारी लाईट गेली, इन्व्हर्टरने दोन मिनिटांत मान टाकली, आणि न पाठवलेला डेटा गेला. तेव्हापासून माझं एफसिंक (प्रोग्रॅमने 'डेटा पक्का जपून ठेव' म्हणायची हाक) आधी लोकल डिस्कवरच्या जर्नलमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहितं, मगच 'झालं' म्हणतं.