सल्लागार निवडायचा आहे, टँकर नव्हे

टँकरचं काम सर्वात कमी दराला देता येतं. बारा हजार लिटर पाणी कुणीही आणलं तरी बारा हजार लिटरच भरतं. सल्लागाराकडून जे घ्यायचं ते प्रस्ताव उघडताना तयारच नसतं. माणसं आणि कामाची रीत बघूनच अंदाज बांधावा लागतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोकरात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, पुढे स्मार्ट हा कृषी व्यवसायाचा प्रकल्प आला. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या अशा प्रकल्पांत सल्लागार निवडण्याची पद्धत म्हणूनच वेगळी आहे. कार्यालयात मात्र नेहमीच्या ई-निविदेचा मसुदा काढून त्यातली नावं बदलतात, आणि पुढची पत्रापत्री तिथूनच सुरू होते.

सगळ्यात आधी कर्जकरार काढून त्याला बँकेच्या खरेदी विनियमांची कोणती आवृत्ती लागू आहे ते बघा. जुलै २०१६ पासून नवे विनियम आले. त्याआधी सल्लागारांसाठी जानेवारी २०११ ची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं होती. जुन्या प्रकल्पाची आरएफपी (प्रस्ताव मागवण्याचा दस्तऐवज) जशीच्या तशी उचलली की तिच्यात सहा संस्थांची शॉर्टलिस्ट येते, नव्या विनियमांत ती पाच ते आठची आहे. शासन निर्णय आणि कर्जकरार यांचा मेळ बसत नसेल तर कर्जकरार चालतो. काम बँकेच्या ‘स्टेप’ प्रणालीवरच्या खरेदी आराखड्यात चढलेलं हवं. तिथे नसलेल्या कामावर केलेला खर्च कर्जातून मिळत नाही.

टीओआर: इथे वेळ घालवा

कार्यकक्षा, म्हणजे आपण टीओआर म्हणतो ती, चार-पाच पानांत उरकण्याची रीत आहे. ‘सल्लागाराने सर्वेक्षण करून अहवाल सादर करावा’ असं लिहिलं की एक संस्था दोन हजार शेतं फिरायचा खर्च धरते आणि दुसरी दोनशेंचा. मग दोन्ही दरांची तुलना कशाच्या आधारावर करणार?

समजा जालना, परभणी आणि हिंगोलीतल्या ६० गावांत शेततळी, ठिबक आणि शेडनेट यांची त्रयस्थ तपासणी करायची आहे. गावामागे ४० लाभार्थी धरले तर २,४०० भेटी. शेतावर जायचं, तळं मापायचं, जागेच्या नोंदीसह फोटो काढायचा, शेतकऱ्याशी बोलायचं. एका माणसाच्या दिवसाला पाचच्या वर भेटी नीट होत नाहीत. म्हणजे ४८० मनुष्यदिवस. आठ तपासनीस असतील तर ६० दिवस, आणि पाऊस, सण, बंद घरं यांसाठी वीस टक्के जादा धरून ७२. महिन्याचे २४-२५ कामाचे दिवस धरा, तीन महिने झाले. हा हिशेब न करता टीओआरमध्ये ४५ दिवस लिहिले तर कुणी तुम्हाला पत्र लिहून हरकत घेणार नाही. सगळे होकार देतील आणि शेवटच्या पंधरवड्यात फॉर्म चावडीवर बसून भरले जातील. असे फॉर्म ओळखायला सोपे असतात: एका गावातली सगळी तळी एकाच मापाची आणि फोटोंच्या वेळा दोन-दोन मिनिटांच्या अंतराने.

मुदत महिन्यांत मोजू नका, हंगाम बघून ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या रानात पांदण रस्त्याने गाडी जात नाही, रुतते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनच्या काढणीत शेतकरी दहा मिनिटं थांबायला तयार नसतो. दसऱ्या-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, परभणीकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबं कारखान्यांकडे निघून जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. घरोघरचं सर्वेक्षण त्या मधल्या काळात केलं तर नेमकी तीच घरं सुटतात. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, अख्खं गाव रानात असतं, त्या दिवशी घरी जाऊन उपयोग नाही, शेतावर मात्र सगळे एकत्र सापडतात. तळ्यातलं पाणी मोजायचं असेल तर पाऊस संपल्यावर एकदा आणि उन्हाळा चढायच्या आत एकदा, अशा दोन फेऱ्या टीओआरमध्येच लिहा. एका फेरीत तळं गळतंय की शेतकऱ्याने उपसलंय हे कळत नाही.

टीओआरमध्ये कार्यालय काय देणार तेही नेमकं हवं: लाभार्थी याद्या कोणत्या स्वरूपात, गाव नकाशे कुणाकडून, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) सोबत येणार की नाही. हे मोघम राहिलं की काम लांबल्यावर सल्लागार म्हणतो यादी मिळाली नाही, आणि बऱ्याचदा ते खरंच असतं.

अंदाजपत्रक याच हिशेबातून निघतं. तज्ज्ञाचे महिने, तपासनिसांचे दिवस, गाड्या, मुक्काम, छपाई, त्यावर संस्थेचा वरखर्च. मागच्या कामाच्या रकमेवर दहा टक्के चढवून काढलेलं अंदाजपत्रक बँकेचा माणूस पहिल्याच वाचनात परत पाठवतो.

पद्धत आणि शॉर्टलिस्ट

गुणवत्ता आणि किंमत दोन्ही मोजणारी क्यूसीबीएस ही बहुतेक कामांना लागू पडते. लेखापरीक्षणासारख्या ठरीव कामाला किमान गुण मिळवणाऱ्यांतला कमी दराचा चालतो. बजेट पक्कं असेल तर ते आरएफपीत जाहीर करून निश्चित बजेटची पद्धत घ्या. त्यावर गेलेला प्रस्ताव बाद. छोट्या कामाला निव्वळ अर्हतेवर निवड होते. एकट्या तज्ज्ञाला नेमायचं तर किमान तिघांची तुलना फाइलवर हवी.

ईओआयची, म्हणजे इच्छुक संस्थांनी नाव कळवण्याची, जाहिरात दिल्यावर दोन-तीन आठवडे द्या. या टप्प्यावर फक्त संस्थेचा अनुभव आणि क्षमता बघायची. तज्ज्ञांचे बायोडेटा मागवून त्यांवर गुण देणं ही नेहमीची चूक आहे. बायोडेटाची पाळी आरएफपीत येते. बयाणा रक्कमही मागू नका, बँकेच्या नमुना आरएफपीत ती तरतूदच नाही.

हितसंबंधांची चाळणी इथेच लावा. ज्या संस्थेने गावांचे सूक्ष्म आराखडे केले तिने त्याच आराखड्यांची त्रयस्थ तपासणी करायची नाही. ठिबकच्या वितरकाची भगिनी कंपनी तपासणीत नको. सरकारी संस्था किंवा विद्यापीठ घ्यायचं मनात असेल तर ती कायद्याने आणि पैशाने स्वायत्त आहे का, व्यापारी कायद्याखाली चालते का, नेमणाऱ्या खात्याच्याच अखत्यारीत तर नाही ना, हे बँक विचारते. आपल्याच खात्याच्या संस्थेला काम देणं सोयीचं वाटतं, पण तिथेच प्रस्ताव अडकतो.

गुणपत्रक आणि एल-१ (सर्वात कमी दराची संस्था)

संस्थेचा अनुभव १०, कार्यपद्धती आणि आराखडा ३०, मुख्य तज्ज्ञ ६०, असं वाटप शेतावरच्या तपासणीला शोभतं. अनुभवाला चाळीस गुण देण्याचा मोह आवरा. अनुभव शॉर्टलिस्टमध्ये बघून झालेला असतो. किमान पात्रता गुण ७० ते ८५ यांतले कोणते ते आरएफपीतच लिहा. उपनिकषही आधीच छापा. प्रस्ताव आल्यावर सुचलेला निकष, कितीही शहाणा असला तरी, वापरता येत नाही.

समितीत तीन ते पाच जण पुरेत, आणि त्यांतल्या निदान दोघांना विषय कळायला हवा. प्रत्येकाने गुण स्वतंत्र द्यायचे, मग बसून तफावतीवर बोलायचं. एकाने ९० आणि दुसऱ्याने ५५ दिले तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. दोघांपैकी एकाने बायोडेटा वाचलेला नसतो. प्रत्येक गुणापुढे कारणाचं एक वाक्य लिहा.

तांत्रिक अहवाल पक्का होईपर्यंत आर्थिक लिफाफे बंदच. पूर्वपरीक्षणातलं, म्हणजे बँक आधी तपासते असं, काम असेल तर बँकेची ना-हरकत आल्याशिवाय ते उघडायचे नाहीत, आणि किमान गुण न मिळवणाऱ्यांचे तर कधीच नाहीत. ई-निविदा पोर्टलवर सगळे लिफाफे एकदम उघडण्याची सेटिंग राहून गेली तर सगळी प्रक्रिया रद्द करायची पाळी येते, म्हणून आधी तपासा.

आता आकडे. तीन संस्था उरल्या. तांत्रिक गुण ८८, ८० आणि ७२. दर, जीएसटी सोडून, १५० लाख, १२० लाख आणि ९६ लाख. सर्वात कमी दराला १०० गुण. बाकीच्यांना कमी दर भागिले त्यांचा दर गुणिले १००. म्हणजे आर्थिक गुण ६४, ८० आणि १००. तांत्रिक आणि आर्थिक गुणांचे भारांक ८०:२० असतील तर बेरीज ८३.२, ८० आणि ७७.६. पहिली संस्था ५४ लाखांनी महाग असून निवडली जाते. तेच भारांक ७०:३० केले तर ८०.८, ८० आणि ८०.४ होतात, पहिलीचा एक तांत्रिक गुण कमी झाला असता तर काम तिसरीकडे गेलं असतं. ६०:४० केले की ७८.४, ८० आणि ८३.२, म्हणजे फिरून एल-१ च.

लेखापरीक्षणात ‘५४ लाख जास्त का दिले’ हा प्रश्न येणारच. उत्तर भारांक ठरवतानाच्या टिपणीत लिहून ठेवलेलं असावं, नंतर रचू नये. काम खरंच साचेबद्ध असेल तर सरळ कमी दराची पद्धत घ्या. क्यूसीबीएसचं नाव लावून किंमतीला चाळीस टक्के देऊ नका.

तुलनेत जीएसटीसारखे स्थानिक अप्रत्यक्ष कर धरत नाहीत, ते वाटाघाटीत मिळवतात. एकरकमी कराराच्या प्रस्तावात बेरीज चुकली तर ती दुरुस्त करायची नसते. मुख्य पत्रकावरची एकूण रक्कम, कर सोडून, तीच ऑफर. वेळेवर आधारित करारात मात्र दुरुस्ती होते.

इरादापत्र आणि वाटाघाटी

पहिल्या क्रमांकाच्या संस्थेला वाटाघाटीला बोलवा. क्यूसीबीएसमध्ये दर पाडून घेण्याची बैठक नसते. मानधनाचे दर साधारणपणे बोलायचेच नाहीत. बोलायचं ते कामाचा आराखडा, माणसांची हजेरी, कार्यालयाने द्यायच्या गोष्टी, कर आणि हप्ते यांवर. पथकप्रमुख कामाला येतोय ना, हे त्याच्याशीच बोलून ठरवा. मृत्यू, आजारपण किंवा प्रक्रियेला झालेला उशीर एवढ्याच कारणांवर या टप्प्याला बदली मान्य करा, तीही त्याच्याच तोडीची. आपण दोन वर्षं फाइल फिरवली असेल तर तो माणूस दुसरीकडे गेला म्हणून संस्थेवर चिडून उपयोग नाही.

मसुदा जुळला की काम देण्याच्या इराद्याची सूचना ज्यांचे आर्थिक प्रस्ताव उघडले त्या सगळ्यांना पाठवा, आणि दहा कामकाजाचे दिवस थांबा. तीन कामकाजाच्या दिवसांत कुणी खुलासा मागितला तर पाच कामकाजाच्या दिवसांत द्या, समोर बसून किंवा लेखी. टाळाटाळ केली की साध्या शंकेची तक्रार होते आणि ती थेट बँकेकडे जाते.

हप्ते कामाला बांधा. प्रारंभ अहवालाला १५ टक्के, पहिल्या फेरीच्या नोंदी तपासून मान्य झाल्यावर ३०, दुसरीला ३०, अंतिम अहवालाला २५, असं काहीतरी. अहवालावर कार्यालयाने १५ दिवसांत अभिप्राय द्यायचा, हेही करारात घाला. पाच टक्के शेतांची फेरतपासणी कार्यालय स्वतः करेल अशी अट ठेवा आणि ती खरोखर करा. तळं मापायला टेप आणि एक दुपार लागते. शेवटच्या हप्त्याआधी कच्चे फॉर्म, फोटो आणि जागेच्या नोंदी सल्लागाराच्या सर्व्हरवरून कार्यालयाच्या संगणकावर उतरवून घ्या, आणि कुणीतरी त्यातल्या वीस फाइली उघडून बघा. कितीतरी ठिकाणी पेन ड्राइव्ह कपाटात असतो आणि फाइली उघडत नाहीत.