शाळेचा इतिहास लिहायला घेताना

मुख्याध्यापकांच्या नावांच्या फलकापासून सुरुवात करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. आधी प्रवेश-नोंदवह्या आणि हजेरीपट उघडा. मुलींची संख्या कधी वाढली, मध्येच शाळा कोणी सोडली, हे तिथेच कळतं. मात्र विद्यार्थ्यांचे पत्ते, जन्मतारखा छापू नका.

फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको; फोटो कायमचा खराब होतो.

मग माणसं, आणि माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे. शिपाई, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांना आधी भेटा; त्यांनी बॅचमागून बॅच पाहिलेली असते. ‘शाळा कशी होती?’ विचारलं की गोड गोड उत्तरं येतात. ‘मधल्या सुट्टीत कुठे बसायचात?’ विचारा, माणूस बोलू लागतो. जुना फोटो हातात दिला तर आणखीच. रेकॉर्डिंगची परवानगी लेखी घ्या. सांगितलेली वर्षं नोंदवहीशी ताडून पाहा. आठवणीत दोन संमेलनं सहज एक होतात. जुळलं नाही तर दोन्ही नोंदवा, आठवण खोडू नका.

सगळ्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, दुसरी शाळेबाहेर.