राष्ट्रीय ज्युनिअर बुद्धिबळाची तयारी: आधी टॉयलेट बघा, मग हॉल

कोल्हापुरात स्पर्धेसाठी हॉल पसंत करायला गेलात की स्टेज आणि एसी नंतर बघा. आधी टॉयलेटचं दार कुठे उघडतं ते बघा. मागच्या वेळी बाकी सगळं जमलं होतं, राहिलं ते हेच, आणि पहिल्याच फेरीत त्याची फळं मिळाली.

फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांत खेळाची जागा म्हणजे नुसते पट मांडलेला हॉल नव्हे. विश्रांतीची खोली, चहापाण्याची जागा आणि टॉयलेट हे सगळं त्यात धरलं जातं, आणि पंचांच्या परवानगीशिवाय खेळाडूला या हद्दीबाहेर जाता येत नाही. आपली मंगल कार्यालयं बांधली आहेत वऱ्हाडासाठी. टॉयलेट मागच्या पॅसेजमध्ये, तिथंच जेवणाचा हॉल आणि तिथंच पालक बसलेले. मुलगा हात धुवायला गेला तरी वाटेत वडील, प्रशिक्षक आणि चार मोबाईल भेटणार. मग पंचांनी कुणाकुणावर लक्ष ठेवायचं? म्हणून खेळाडूंचं टॉयलेट वेगळं, हद्दीच्या आत, आणि तिथं जायला एकच वाट. पॅसेजमध्ये एक पंच कायम उभा. पालकांची सोय दुसऱ्या मजल्यावर, नाहीतर आवारात फिरती शौचालयं भाड्यानं आणा. तो खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा; ऐनवेळी कुणी देत नाही.

आणखी एक. डाव संपलेला खेळाडू नियमानं प्रेक्षक होतो. त्यानंही आतलं टॉयलेट वापरायचं नाही, हे पहिल्या फेरीआधी माइकवरून सांगा, दारावर चिकटवा. मुलं मुद्दाम करत नाहीत, पण तिथंच उभं राहून डावावर बोलतात. हा कागदी नियम आहे असं वाटत असेल, तर 2006 साली एलिस्टात क्रामनिक-टोपालोव जगज्जेतेपदाच्या लढतीत टॉयलेटवरूनच एक डाव न खेळता गेला, आणि 2019 मध्ये स्ट्रासबुर्गला एक ग्रँडमास्टर टॉयलेटमध्ये फोनसह सापडला, हे आठवा. प्रत्येक फेरीआधी फ्लशच्या टाक्या, कचऱ्याचे डबे, खिडक्यांच्या कडा बघून घ्या.

तारीख ठरवताना जुलै-ऑगस्ट सोडा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. नवरात्रात आणि अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत लॉजवर खोली मिळत नाही. लग्नाच्या दाट मुहूर्तात शेजारच्या लॉनवर बँड वाजणार, तेव्हा पंचांग उघडून बसा. बंगाल-तमिळनाडूतून येणारी मुलं बऱ्याचदा मिरजेला उतरतात. तिथून गाडीची सोय कळवून ठेवा.

टेबलं. फिडेच्या मापानं एका पटाला साधारण 110 सेंमी लांबी, 85 सेंमी रुंदी, 74 सेंमी उंची. मांडववाल्याचं सहा बाय दीड फुटाचं टेबल रुंदीला निम्मं पडतं, म्हणून दोन रांगा एकमेकींना चिकटवा. लांबीला तीन टेबलं सलग लावली की साडेपाच मीटर, म्हणजे 5 पट. दोन्ही रांगा धरून 5 पटांना 6 टेबलं, 100 पटांना 120. एका सहा फुटी जोडीवर दोन पट कोंबायचा मोह आवरा. कोपराला कोपर लागतं आणि शेजारच्या पटावरचा घोडा पडतो. पाय डुगडुगणारी टेबलं आदल्या दिवशीच परत पाठवा.

200 खेळाडू धरले तर 105 सेट, 110 घड्याळं. प्रत्येक पटावर दोन्ही रंगांचे जादा वजीर हवेत. प्याद्याचा वजीर करताना जादा वजीर नसला की मुलं हत्ती उलटा ठेवतात, पण तो हत्तीच धरला जातो आणि त्यावरून भांडणं होतात. घड्याळं आदल्या रात्री 90 मिनिटं अधिक चालीमागे 30 सेकंदांवर लावा, सगळी एकाच दिशेला, पेन्सिल सेल नवे. स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचे कागद, 11 फेऱ्यांना 2200 लागतात, पण छापा 2500, दुहेरी प्रतीच्या. एका कागदावर साठ चाली मावतात, लांबलेल्या डावाला दुसरा लागतो. साठ चालींच्या डावात दोन्ही घड्याळं मिळून चार तास जातात, म्हणून सकाळची फेरी 10 ची असेल तर दुसरी 4 च्या आत ठेवू नका. आणि त्या चार तासांत टॉयलेट लागणारच. दीड-दोन तासांनी एकदम गर्दी होते. मुलींसाठी वेगळं, टाकीत पाणी, साबण, आणि सफाईला माणूस दिवसभर.

मोबाईल जमा करायचं काउंटर हद्दीच्या बाहेर. दोन टोकन, एक पिशवीला, एक मुलाकडे. स्मार्ट वॉचही काढून घ्या. दारावर मेटल डिटेक्टर निदान तीन, नाहीतर फेरी अर्धा तास उशिरा सुरू होते.

वीज. जनरेटर सुरू व्हायला लागणारी दहा-पंधरा सेकंदंही अंधारच असतो, म्हणून दिव्यांना इन्व्हर्टर. अंधार झालाच तर घड्याळं थांबवण्याची घोषणा मुख्य पंचच करतील, स्वयंसेवकानं ओरडायचं नाही.

जेवण: तांबडा-पांढरा रस्सा पालकांना. मुलांना दही-भात, साधं वरण, कमी तिखट. पिण्याचं पाणी हद्दीच्या आत, म्हणजे पुन्हा तोच मुद्दा.

पंच, पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ते) करणारा माणूस, वरच्या पटांचं प्रक्षेपण, डॉक्टर, रुग्णवाहिका: यादी संघटनेकडे असते, तीच वापरा. पेअरिंग एका भिंतीवर लावू नका, तीन ठिकाणी लावा.

बक्षीस समारंभात भाषणं दोनच, मुलांच्या गाड्या सुटतात. प्रमाणपत्रावरची नावं नोंदणीच्या अर्जावरून उतरवा. सेट भरताना वजीर मोजा.