कठीण वर्षात सेवा क्लबची माणसे धरून ठेवताना

सेवा क्लब, म्हणजे रोटरी किंवा लायन्ससारखी समाजसेवेसाठी नियमित भेटणाऱ्या सभासदांची संस्था, सहसा ठराव करून बंद होत नाही. एक सभा पुढे ढकलली जाते, पुढची कमी उपस्थितीमुळे आटोपती घेतली जाते, इतिवृत्त पाठवायचे राहून जाते, आणि काही महिन्यांनी नेमके कोण अजून सभासद आहे हे पदाधिकाऱ्यांनाही सांगता येत नाही. कारण साथीचे असो, पुराचे असो, अध्यक्षांच्या दीर्घ आजाराचे असो किंवा सभासदांच्या नोकरी-व्यवसायावर आलेल्या संकटाचे असो, विस्कटण्याची रीत बहुधा हीच असते. अनेक वर्षे सचिवाचे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की अशा वर्षात क्लबने दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत सोडू नयेत: सभेचा ठरलेला वार आणि प्रत्येक सभासदाशी होणारे बोलणे. कार्यक्रम, पाहुणे वक्ते आणि समारंभ कमी झाले तरी पुढे भरून काढता येतात.

वार किती टिकाऊ असतो याची साक्ष जुन्या क्लबांनीच देऊन ठेवली आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत वकील पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन परिचित एका कचेरीत भेटले, पुढच्या सभा आळीपाळीने एकेकाच्या कामाच्या जागी होऊ लागल्या आणि त्या फिरत्या सभांवरूनच ‘रोटरी’ हे नाव आले. म्हणजे सभेची जागा पहिल्यापासूनच बदलती होती. १९३७ मध्ये नाझी राजवटीच्या दबावामुळे जर्मनीतील रोटरी क्लब विसर्जित झाले, तरी तिथले काही सभासद अनौपचारिकपणे भेटत राहिले. जपानमधील क्लबांना १९४० मध्ये रोटरीतून बाहेर पडावे लागले, तेव्हा त्यांतल्या काहींनी आपल्या सभेच्या वाराचेच नाव घेऊन भेटणे चालू ठेवले. टोकियोच्या क्लबचा ‘बुधवार क्लब’ झाला. १९४९ मध्ये रोटरी जपानमध्ये परतली, तेव्हा एकमेकांना ओळखणारी माणसे अजून एकत्र होती.

म्हणून अडचण सुरू झाल्याचे लक्षात येताच, पहिल्याच आठवड्यात, कार्यकारिणीने सभासदांची संपूर्ण यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याकडे पाच-सहा नावे सोपवावीत. त्याने पंधरा दिवसांतून एकदा त्या प्रत्येकाला स्वतः फोन करावा. संदेश पाठवून हे काम होत नाही, कारण संदेशाला अंगठ्याचे चिन्ह येते आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘सगळे ठीक ना?’ असे विचारले की ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी घरी सोबतीला कोण आहे, औषधे आणून देणारे कोणी आहे का, कामाचे कसे चालले आहे, असे उत्तर द्यावेच लागेल असे प्रश्न विचारावेत. पहिल्या फोनमध्ये वर्गणीचा विषय अजिबात काढू नये. बोलणे झाल्यावर वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात आणि त्यात खासगी काही असेल तर ते अध्यक्षांपलीकडे जाऊ देऊ नये. एकदा जरी अशी गोष्ट चारचौघांत फुटली, तरी पुढच्या वेळी तो सभासद मनापासून बोलत नाही.

आमच्या हजेरीपटावर एका ज्येष्ठ सभासदाच्या नावापुढे सलग सात ऑनलाइन सभांना गैरहजेरी लागली होती. त्यांना आता क्लबमध्ये रस उरलेला नाही असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. शेवटी फोन केल्यावर कळले की त्यांना पडद्यावरची अक्षरे नीट दिसत नव्हती, सभेची लिंक कशी उघडायची हे माहीत नव्हते आणि दर वेळी कोणाला तरी त्रास देणे त्यांना संकोचाचे वाटत होते. पुढच्या सभेला एका सभासदाने आपल्या संगणकाशेजारी साधा फोन स्पीकरवर ठेवला आणि त्यांना त्यावर जोडून घेतले. हजेरीत त्यांचे नाव पुकारल्यावर क्षणभर शांतता पसरली आणि मग त्यांचा ‘हजर’ ऐकू आला. त्या सात आठवड्यांची खंत मला आजही वाटते, कारण त्यांची अडचण दूर करायला एक फोन पुरला असता.

सभा ऑनलाइन घ्यावी लागली तरी वार आणि वेळ पूर्वीचीच ठेवावी. झूमच्या विनाशुल्क खात्यावर एका सभेला ४० मिनिटांची मर्यादा असते. ती अडचण न मानता तेवढ्यातच सभा संपवावी, कारण थकलेली माणसे पडद्यासमोर त्याहून अधिक वेळ मन लावून बसू शकत नाहीत. पहिली दहा मिनिटे सभासदांच्या स्वतःच्या बातम्यांसाठी राखावीत. दर वेळी बाहेरचा वक्ता बोलावू नये. त्याऐवजी महिन्यातून एकदा चार-चार जणांचे गट करून निव्वळ गप्पांना वेळ द्यावा, म्हणजे एरवी मागे बसणारा सभासदही बोलू लागतो. नियमांच्या बाबतीत आपली घटना आधी वाचून पाहावी. रोटरीचे नियम ठरवणाऱ्या तिच्या २०१६ च्या परिषदेने क्लबांना महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची आणि त्यांचे स्वरूप स्वतः ठरवण्याची मोकळीक दिली. इतर संस्थांचे नियम वेगळे असतात. गणपूर्ती आणि ऑनलाइन मतदान यांविषयी शंका असेल तर निवडणुकीच्या आधीच वरिष्ठांकडून लेखी खुलासा मागवून ठेवावा.

सेवा क्लबमधली माणसे मुळात कामाने बांधलेली असतात. त्यामुळे काम पूर्ण थांबवणे हा मला सर्वांत घातक निर्णय वाटतो. पण कठीण वर्षात नवा मोठा प्रकल्प उचलणे त्याच्या खालोखाल चुकीचे आहे. चालू उपक्रमांपैकी एकच निवडावा, त्याचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा दोघांकडे मिळून द्यावा. एकटे राहणाऱ्या दहा वृद्धांना आठवड्यातून एकदा फोन करणे, शाळेसाठी जमा झालेल्या पुस्तकांची यादी करणे, देणगीदारांना हाताने आभारपत्रे लिहिणे ही घरबसल्या होणारी कामे आहेत आणि ती आजारातून उठलेल्या सभासदालाही जमतात. जोडीतला एक जण आजारी पडला किंवा गावाला गेला तर दुसरा काम पुढे नेतो, आणि त्या निमित्ताने दोघांचे बोलणेही होत राहते. यंदाच्या नव्या सभासदांना तर अशा जोडीत जुन्या माणसाबरोबरच ठेवावे, कारण त्यांनी क्लबचे चांगले दिवस पाहिलेलेच नसतात.

पैशांचा प्रश्न लवकर आणि शांतपणे सोडवावा. आंतरराष्ट्रीय संस्थेशी संलग्न क्लबला दरडोई वर्गणी भरावीच लागते. रोटरीत तिचे बिल जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा येते आणि ते त्या त्या महिन्याच्या १ तारखेच्या सभासदसंख्येवर काढले जाते, म्हणून थकबाकीचा विषय त्या तारखांच्या आधी मार्गी लागला पाहिजे. ज्यांना भरणे शक्य नाही त्यांची वर्गणी भरण्यासाठी ऐपत असलेल्या सभासदांकडून गुप्त निधी उभारावा. त्यातून कोणाला मदत झाली हे अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांनाच माहीत असावे. थकबाकीदारांची यादी गटावर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करावी, कारण अशा यादीत नाव आलेला सभासद पुन्हा सभेला फिरकत नाही.

व्हॉट्सॲपचे दोन गट असावेत: एकात फक्त पदाधिकाऱ्यांनी सूचना टाकाव्यात आणि दुसरा सर्वांसाठी मोकळा असावा. मोकळ्या गटावर वाद पेटताना दिसला की अध्यक्षांनी तिथे निवाडा न देता दोन्ही बाजूंना लगेच फोन करावा. लिहिलेला कठोर शब्द महिनोन्‌महिने पडद्यावर राहतो आणि पुन्हा पुन्हा वाचला जातो.

सभासदाच्या निधनाची बातमी मात्र गटावर पहिल्यांदा कधीही टाकू नये. त्याच्या जवळच्या पाच-सहा जणांना आधी एकेक करून फोन करावा, कुटुंबाची संमती घ्यावी आणि मगच सर्वांना कळवावे. अंत्यविधीला जाता येत नसेल तर पुढच्या सभेत पहिली दहा मिनिटे त्याच्यासाठी ठेवावीत आणि ज्यांना बोलायचे आहे त्या प्रत्येकाला आठवणी सांगू द्याव्यात. त्या आठवणी लिहून काढून त्याची प्रत कुटुंबाला पोचवावी, कारण क्लबमधला तो माणूस घरच्यांना पुरता माहीत असतोच असे नाही. आम्ही असे एक पत्र पाठवले होते. ते वाचून त्या दिवंगत सभासदाच्या मुलीने फोनवर विचारले, ‘बाबा दर महिन्याला रुग्णालयात वाचून दाखवायला जात होते?’ तिला ते आमच्याकडूनच कळले होते.

रोटरी आणि लायन्स यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि नेमक्या त्याच सुमारास दमलेला अध्यक्ष सर्व कागद पुढच्याच्या हाती देऊन मोकळा होऊ पाहतो. नव्या-जुन्या कार्यकारिणीने किमान दोन महिने एकत्र काम करावे आणि फोनच्या वह्या व्यवस्थित सोपवाव्यात. इतिवृत्त एका पानाचे असावे व दोन दिवसांच्या आत गैरहजर सभासदांसह सर्वांना जावे.

प्रत्यक्ष सभा पुन्हा सुरू झाल्या की स्पीकरवरचा फोन लगेच काढून टाकू नये. बाहेर पडणे ज्यांना अजून जमत नाही त्यांच्यासाठी अध्यक्षांच्या टेबलाच्या कडेला तो चालू ठेवावा, आणि हजेरी घेताना सचिवाने त्या नावापाशी उत्तर येईपर्यंत थांबावे.