रोमँटिक कवितेतलं दैवी आणि उदात्त: वाचायचं कसं?

रोमँटिक कवितेवर (म्हणजे प्रेमकवितेवर नव्हे, अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या इंग्रजी काव्यप्रवाहावर) परीक्षेत प्रश्न आला की बहुतेक उत्तरं 'कवीला निसर्गात देव दिसतो' इथं येऊन थांबतात. हे वाक्य वर्ड्सवर्थलाही चालतं, कोलरिजलाही, शेलीलाही. म्हणूनच ते निरुपयोगी आहे. देव नेमका कुठं राहतो, हे कवितेच्या वाक्यरचनेतून शोधावं लागतं.

सुरुवात वर्ड्सवर्थच्या 1798 मधल्या 'टिंटर्न ॲबी'पासून करा. ओळी सुमारे 160. पहिल्यांदा मोठ्यानं वाचा, शब्दकोश न उघडता. दुसऱ्यांदा पेन्सिलीनं तीन खुणा करा: एक, उंची, खोली, विस्तार सांगणारे शब्द; दोन, भाषा अडखळते त्या जागा, म्हणजे प्रश्न, नकार, 'समथिंग'सारखी मोघम सर्वनामं; आणि तीन, देवाचं नाव. तिसरी खूण या कवितेत कुठंच होणार नाही. 'गॉड' हा शब्द एकदाही येत नाही, आणि हाच पहिला पुरावा.

कवीला जे जाणवतं त्याला तो नाव न देता नुसतं 'समथिंग', म्हणजे काहीतरी, म्हणतो. आता ते राहतं कुठं ते बघा. इथं अंबाबाईचा किरणोत्सव आठवावा. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि देवीच्या चरणांपासून चेहऱ्यापर्यंत चढत जातात. देवी तिथं आधीपासून आहे. ऊन तिच्या दर्शनाला येतं. वर्ड्सवर्थकडे मूर्तीच नाही. त्याचं ते 'काहीतरी' मावळत्या सूर्यांच्या प्रकाशातच वस्ती करतं, मग समुद्रात, हवेत, निळ्या आकाशात आणि शेवटी माणसाच्या मनात. हा शेवटचा मुक्काम विद्यार्थी हमखास गाळतात आणि उत्तर लंगडं पडतं. लगेच 'अद्वैत' लिहून मोकळं होणं हीही नेहमीची चूक. 'वस्तूंच्या अंतरंगात दिसतं' असं म्हटल्यावर कवी पुढच्याच ओळीत ही समजूत फोल असेल तर, अशी शंका घेतो. ती शंका उत्तरात आलीच पाहिजे.

उदात्त (सब्लाइम) म्हणजे बघणाऱ्याला दडपून टाकणारी भव्यता. त्याची परीक्षा वेगळी. विचारवंत एडमंड बर्कनं 1757 मध्ये भय, अवाढव्यपणा आणि अस्पष्टता ही त्याची मुळं सांगितली, पण धोका अंगावर आलेला नको, ही अटही घातली. भर पावसात पन्हाळ्याच्या तटावरून धुक्यानं बुजलेली दरी बघताना पायाखाली दगड पक्का असतो, म्हणून ती भीती हवीशी वाटते. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1790 मध्ये पुढची पायरी मांडली: कल्पनाशक्ती त्या आकारापुढे हरते आणि त्या हरण्यातूनच बुद्धीला स्वतःचं मोठेपण कळतं. ओळीत हे हरणं आणि सावरणं दोन्ही सापडत नसेल, तर ते नुसतं भव्य वर्णन समजा. 'टिंटर्न'मध्ये भय फारसं नाही, तिथं बर्कची फूटपट्टी ताणू नका.

ही फूटपट्टी लावायला एकाच पर्वतावरच्या दोन कविता घ्या. आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताच्या पायथ्याच्या शामोनी दरीवर कोलरिजनं 1802 मध्ये स्तोत्र लिहिलं (तो स्वतः तिथं कधी गेला नव्हता). त्यात कवी हिमनद्यांना विचारतो, तुम्हाला कुणी घडवलं? उत्तर ठणकावून येतं: देवानं. शेलीनं 1816 मध्ये 'मों ब्लां' लिहिली. 144 ओळी, पाच भाग. नास्तिकतेवरच्या पत्रकामुळं 1811 मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला हा कवी शेवट प्रश्नावर करतो: मानवी मनाच्या कल्पनेला ही निःशब्दता आणि हा एकांत निव्वळ पोकळी वाटला असता, तर हे पर्वता, तू काय असतास?

उत्तर लिहिताना दोघांचे हे दोन प्रश्न शेजारी मांडा. कोलरिजच्या प्रश्नाला उत्तर कोण देतं आणि शेलीच्या प्रश्नाला का मिळत नाही, एवढ्यावरच अर्धं पान खर्च करा. चरित्राला दोन वाक्यं पुरेत.