औषधांचं पाणी आणि रोपं: प्रयोगातल्या या चुका टाळा

पाण्यातल्या औषधांचा रोपांवर परिणाम हा विषय विज्ञान प्रदर्शनांत आता नेहमी दिसतो. विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो घाईने वाया गेलेला बघवत नाही.

अख्खी गोळी कुटून टाकणं. एका शाळेतल्या मुलांनी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) ५०० मिलिग्रॅमची गोळी लिटरभर पाण्यात घोळवून मुगाला घातली. मूग कुजले. तक्त्यावर निष्कर्ष: ‘नदीतली औषधं पिकं मारतात.’ मी पीएच पट्टी बुडवली, तर पाणी आम्लधर्मी. मग मूग औषधाने गेले की आम्लाने? आणि मात्रा तरी केवढी! हैदराबादजवळच्या पाटनचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हेच औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले. मुलांचं पाणी त्याच्या सोळापट! एरवी नद्यांमधलं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहूनही खाली असतं.

मी त्या द्रावणातलं १० मिली घेऊन ५०० मिली करायला लावते, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. त्यातलं १० मिली घेऊन १०० मिली केलं की १ मिलिग्रॅम. अशा उतरत्या पायऱ्या हव्यातच. सोबत एक बशी साध्या पाण्याची, एक तेवढ्याच पीएचच्या पाण्याची. याला वेळ लागतो. वेळ नसेल तर दुसरा विषय घ्यावा.

‘मोड आले, म्हणजे परिणाम नाही’ असं समजणं. बी आपल्या साठ्यावर उगवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन पानांना हिरवं करणाऱ्या हरितलवकातल्या, जिवाणूंसारख्याच असलेल्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, टेट्रासायक्लिन हे दुसरं प्रतिजैविक तिथल्या प्रथिननिर्मितीवर. त्यामुळे खरी खूण हिरवी पानं फुटल्यावर दिसते: पान फिकट, पिवळट, कधी पांढुरकं. मुगाच्या डाळिंब्यांत साठा भरपूर, म्हणून मी मोहरी घेते. मुळं रोज पट्टीने मोजायची. ‘वाढ बरी वाटली’ ही नोंद मी स्वीकारत नाही.

द्रावण खिडकीत ठेवणं. ही दोन्ही औषधं उजेडात विघटित होतात. बाटलीला काळा कागद गुंडाळा, द्रावण ताजं करा.

सिरप नको, साखरेमुळे बुरशी येते.

पान पिवळं पडलं म्हणून मध्येच युरिया घालू नका.

उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतणं मला अजिबात खपत नाही. बाटलीत बंद करून, नाव लिहून, रासायनिक कचऱ्याची सोय असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या.