गाडीला एबीएस आहे ना? मग ब्रेक असा मारा

एबीएसवाली (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बाईक घेतात पण ब्रेक जुन्याच सवयीने मारतात लोक, म्हणजे पंप करत करत, नाहीतर लिव्हर थरथरला की घाबरून सोडून देतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

आधी आत काय चालतं ते बघा. डिस्कच्या शेजारी खाचांची एक छोटी रिंग चाकाबरोबर फिरते, तिच्याजवळचा सेन्सर चाकाचा स्पीड मोजत असतो. ब्रेक मारल्यावर चाक लॉक व्हायला, म्हणजे फिरायचं थांबायला आलं की मॉड्युलेटर नावाचा भाग ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडतो नि परत देतो, सेकंदात कितीतरी वेळा, ती थरथर त्याचीच. लॉक झालेलं चाक नुसतं घसरतं, कार असेल तर स्टिअरिंग फिरवूनही सरळच जाते आणि बाईकचं पुढचं चाक लॉक झालं की आपण खाली.

म्हणून इमर्जन्सीत अॅक्सिलरेटर सोडा, गाडी सरळ ठेवा, दोन्ही ब्रेक जोरात दाबा आणि थरथरलं तरी दाबूनच ठेवा, नजर खड्ड्यावर किंवा समोरच्या ट्रकवर नको, जिथून निघायचंय तिकडे. हे एकदम जमत नाही हो, रिकाम्या मैदानावर आधी 20-30 च्या स्पीडने करून बघा, बोटांना ती थरथर ओळखीची झाली पाहिजे.

एक गोष्ट बरेच जण विचारतच नाहीत. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या बाईकला एबीएस सक्तीचं झालं खरं, पण सिंगल चॅनल चालतं, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. अशा बाईकचं मागचं चाक लॉक होऊ शकतं, तिथे मागचा ब्रेक जपून, तर तुमची सिंगल की ड्युअल (दोन्ही चाकांना) हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आणि एबीएस टायरची ग्रिप वाढवत नाही! गुळगुळीत टायर, पहिल्या पावसातला ऑइलवाला रस्ता, तिथे अंतर जास्तच लागणार, खडीवर तर एबीएस असूनही कधीकधी गाडी उशिरा थांबते. घाटात वळणावर गाडी झुकलेली असताना साधं एबीएस पूर्ण वाचवू शकत नाही, स्पीड वळणाआधीच कमी करा.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो, थोडं पुढे गेलं की विझतो. विझलाच नाही तर साधा ब्रेक लागेल पण एबीएस बंद असेल, बऱ्याचदा सेन्सरवर चिखल बसलेला असतो, तो पुसा, तरी राहिला तर मेकॅनिककडे न्या आणि तोवर हळू चालवा.